पाताळातली पालखी

माझ्या ताब्यात एक राज्य आहे. त्यात दोन नद्या आहेत, एक तळं आहे, अळंब्यांची शेती आहे, वरची वाडी आहे, खालची वाडी आहे, आणि हे सगळं जमिनीच्या खाली आहे. रत्नागिरीच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर एक खोली आहे, तिथल्या मोठ्या टेबलावर ते मावतं. टेबल पुसायचं झालं की मी राज्य उचलून कपाटावर ठेवतो.

हे माझं काम आहे आणि यावर माझं पोट चालतं, हे अजून मलाच पुरतं पटलेलं नाही. सकाळी जिन्याचं कुलूप काढताना रोज वाटतं, आज कुणीतरी येईल आणि म्हणेल, बालाजी, आमची चूक झाली होती, जा आता. आईला तर सांगायचीच सोय नाही. आमचं गाव परभणीकडं. फोनवर ती विचारते, "काय करायलास रे सध्या?" एकदा मी खरं सांगून टाकलं, जमिनीखाली गाव बसवायलोय म्हणून. ती म्हणाली, "वरून माती ढासळती बाबा. दोर बांधून उतरत जा." तेव्हापासून ती फोनवर आधी विचारते, आज वर आलास का. मी म्हणतो, आलो.

परभणीकडचा माणूस रत्नागिरीत पाताळ कसा बांधायला लागला, ते थोडक्यात सांगतो. आठवीनंतर माझी शाळा सुटली. कुणी काढलं नाही, मीही सोडली नाही. घरचे ऊसतोडीला निघाले, मी गाडीत बसलो, शाळा काही गाडीत बसली नाही. पुढं गावातल्या एकाच्या ओळखीनं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात लागलो. आंब्याची खोकी आम्ही करायचो. तिथं एक दिवस सायलीताई आल्या, कापून वाया गेलेला पुठ्ठा मागायला. कशाला पाहिजे, तर म्हणाल्या, डोंगर करायचाय.

सायलीताई इथल्याच. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आल्या आणि वडिलांच्या दुकानावरची खोली मागून घेऊन तिथं खेळघर काढलं. लोक येतात, कॉफी नाहीतर कोकम घेतात, पटावरचे खेळ मांडून बसतात. मी पुठ्ठा पोचवायला गेलो तेव्हा ताई टेबलावर एक गुहा करत होत्या. मी बघत उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, आत चूल दाखवलीय, धूर कुठून जायचा?" त्या म्हणाल्या, राक्षसाला धुराचं काही नसतं. मी म्हणालो, नसंल, पण डोळे तर चुरचुरत असतील. पुढं त्या सगळ्यांना सांगायच्या, हा राक्षसाच्या डोळ्यांची काळजी करत होता म्हणून मी याला ठेवून घेतला. खरं काय कारण ते मी कधी विचारलं नाही. ठेवला, एवढं मला पुष्कळ होतं.

आता खेळ काय असतो ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी तलवार चालवणारी. एकजण मात्र कुठलंच पात्र घेत नाही. तो जग सांगतो. "तुमच्यापुढं दार आहे, आतून गुरगुर ऐकू येतीय, काय करणार?" खेळणारे काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. फाशाला वीस बाजू असतात. जिंकणं-हरणं नसतं. आज अर्धवट राहिलं तर पुढच्या रविवारी तिथूनच सुरू. आमच्याकडच्या भारुडासारखं म्हणा, फक्त बघणारे आणि सोंग काढणारे तेच. जग सांगणाऱ्याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. आमच्या टेबलावर खेळणाऱ्या शिर्केकाकांनी त्याचं 'सूत्रधार' केलं आणि तेच रुळलं.

जग सांगायचं तर ते आधी बांधावं लागतं. सुरुवातीला मी नुसते पुठ्ठे कापायचो, मग ताईंनी एक भुयार सबंध माझ्यावर सोडलं, बांधणंही आणि सांगणंही. मी जीव ओतून केलं. जिना केला, जिन्याला कठडा केला. प्रत्येक वळणावर पणती ठेवली, कारण अंधारात पाय घसरला तर जबाबदार कोण. पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला. दाराशी जो राक्षस होता त्यानं आलेल्यांना म्हटलं, "लांबून आलात, बसा." ते बसले. त्यानं गूळपाणी दिलं. सगळा रविवार गप्पांत गेला आणि खजिना त्यानंच हातात आणून दिला. सायलीताई म्हणाल्या, "बालाजी, तुझ्या भुयारात मी माझ्या आजेसासूबाईंनासुद्धा नेईन." मला आधी ती शाबासकी वाटली.

सगळ्यात जास्त वैतागली रेश्मा. रेश्मा सिव्हिलला नर्स आहे, लांज्याकडची. खेळात ती तलवारवाली. ती ड्यूटी बदलून रविवार मोकळा करायची तो कुणालातरी कापून काढायला. "आठवडाभर मी माणसं जगवते," ती म्हणायची, "एक दिवस मला मारायला मिळू दे. आणि तू मला गूळपाणी देतोस."

मी काय करणार. परक्या गावात राहणाऱ्याला एक सवय लागते, समोरचा नाराज होऊ नये. ती सवय माझ्या राक्षसांनाही लागली होती.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे शिर्केकाका. ते पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीत मुलाकडं राहायला आले आणि नातवाला खेळघरात सोडायला आले ते स्वतःच बसले. मला वाटलं, देव पावला. उभी हयात जमिनीखाली काढलेला माणूस, आता पाताळाची सगळी माहिती मिळणार. मी वही-पेन घेऊन बसलो. काका म्हणाले, "थंड असतं. ड्यूटी संपली की वर यायचं." एवढंच. मग पात्र कोणतं घेता म्हटलं तर त्यांनी पंख असलेला माणूस मागितला. सगळी मोहीम भुयारात, उडणार कुठं? ते म्हणाले, "ते मी बघतो रे. एवढी वर्षं खाली होतो, आता पंख घेऊ दे." ते दर थोड्या वेळानं उडायचे, आणि दर वेळी मला सांगावं लागायचं, काका, डोकं छताला आपटलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. डोकं चोळायचे आणि पुन्हा उडायचे.

उरलेले दोघे दीपक आणि संतोष. दीपक पतपेढीत कारकून, खेळात चोर. संतोष प्राथमिक शाळेत शिक्षक, खेळात मांत्रिक. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दोघं देवरूखकडच्या एकाच गावचे. येणं-जाणं एकाच मोटरसायकलवर, सुट्टीत गावाकडं जायचं तेही त्याच गाडीवर. एकमेकांशिवाय त्यांना चहासुद्धा उतरायचा नाही.

तर असं हे टेबल होतं, आणि ते सायलीताईंचं होतं. मग ताईंना दिवस गेले आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, पलीकडं पेपर वाचत बसले होते. ताई म्हणाल्या, रविवारचं टेबल आता तू चालव. नवीन जग बांध, सगळं तुझं. अण्णा पेपरातून म्हणाले, ती खोली मोबाईल दुरुस्तीवाला मागतोय. ताई म्हणाल्या, "बाबा, टेबल मोडलं तर द्या त्याला. नाही मोडलं तर ती खोली बालाजीची." अण्णांनी पेपर उलटला. ठरलं.

घरी गेलो आणि मला ताप भरला. कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती.

जमिनीखालचं गाव बसवायचं तर लोक आधी राक्षस काढतात, मग बोगदे. मला ते जमेना. माझा पहिला प्रश्न, ही माणसं खाली गेलीच कशाला? हौसेनं कुणी गाव सोडत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून मी ठरवलं, वर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. पाणी खाली गेलं, त्याच्या मागं माणसं गेली. खाली त्यांना तळं सापडलं आणि ती तिथंच राहिली. मग ती खातात काय, तर अळंबी आणि आंधळे मासे. उजेड कशाचा, तर चमकणाऱ्या बुरशीचा. वारा कुठून, तर जुन्या विहिरींच्या तोंडांतून. एका गोष्टीतून दुसरी निघते, या धंद्याची गंमत ती आहे. आणि गाव सोडताना माणूस सोबत काय नेतो? देव नेतो.

इथं माझा घात झाला. रत्नागिरीत आल्यावर मी पहिला शिमगा बघितला होता. गावदेवीची पालखी निघते, देवीचे मुखवटे लावतात, पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, घरोघर नेतात. आमच्याकडं जत्रा असते, पण अशी नाचणारी पालखी मी बघितली नव्हती. मी वेडा झालो होतो. म्हणून पाताळातल्या लोकांनाही मी पालखी दिली. गोष्टीचा गाभाच तो केला: तळ्याचं पाणी चढत चाललंय, पालखी तळ्याकाठच्या देवळात पोचली की ते उतरेल. पण पालखी वरच्या वाडीजवळ अडलीय. ती पोचवायची ही आपल्या मंडळींची कामगिरी. वाटेत संकटं. या खेपेला मी दातवाली संकटंसुद्धा केली होती, खास रेश्मासाठी.

खेळ सुरू झाला. मंडळी खाली उतरली. काकांनी एकदा डोकं आपटून घेतलं. पालखीपाशी आली. मी म्हणालो, दोन्ही वाड्यांची माणसं जमलीत, पालखी उचलायची आहे, जो जवळ असेल त्यानं खांदा द्यावा.

संतोषनं हातातला फासा टेबलावर ठेवला.

"पुढचा खांदा कुणाचा?"

मी म्हणालो, कुणाचाही. चार माणसं पाहिजेत फक्त.

दीपक म्हणाला, "कुणाचाही म्हणजे? मान कुणाचा ते सांग ना."

मला मान हा शब्द माहीत होता, पण तो आदर म्हणून. पालखीचा पुढचा खांदा कुणी द्यायचा, नारळ आधी कुणाचा, पालखी पहिली कुणाच्या अंगणात जायची, हे सगळं कुणाकुणाच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या असतं आणि माणूस त्यासाठी शेतीवाडीवर पाणी सोडेल पण ते सोडणार नाही, हे मला कुठून माहीत असायला. घाबरून मी माझा नेहमीचा उपाय काढला. म्हणालो, फासा टाकून ठरवू.

"फाशावर मान ठरवतोस काय?" दीपक म्हणाला. "उद्या लग्नपण फाशावर ठरव."

मग विषय निघाला तो निघालाच. चोर वरच्या वाडीचा झाला, मांत्रिक खालच्या वाडीचा. पुढचे किती रविवार गेले मी सांगत नाही, पण पालखी जागची हलली नाही. पाताळात बैठका भरल्या. माझ्याकडं पुठ्ठ्याची माणसं कमी पडली म्हणून बैठकीला मी राक्षस बसवले. संतोष मास्तरांनी ठासून सांगितलं की पूर्वापार पुढचा खांदा खालच्या वाडीचा. हे गाव मी मागच्या महिन्यात आंब्याच्या खोक्यातून कापलं होतं. पण मास्तर पूर्वापार म्हणाले आणि मी मान डोलावली, कारण शिक्षक बोलायला लागला की मी आठवीतच असतो. दीपक म्हणाला, मूळपुरुष वरच्या वाडीचा, देवी त्याच्या स्वप्नात आली. मी म्हटलं, असंल.

रेश्मा एकीकडं तलवारीचा फासा नुसता फिरवत बसायची. दोघांनी तिलाच विचारलं, तुझं काय मत. ती म्हणाली, "माझं कसलं मत? आमची बौद्धवाडी. पालखी आमच्याकडं कधी वळायचीच नाही. पुढचा खांदा कुणाचा हे मला विचारता होय? मला दातवालं काय आहे ते दाखवा."

आणि मग तो रविवार आला. बैठक रंगात होती. दीपक एकदम म्हणाला, "देवळाला कुलूप तुमच्या वाडीनं लावलंन, आमच्या नाय." मी गडबडीनं नकाशा बघायला लागलो. माझ्या देवळाला कुलूप नव्हतं. दारच नव्हतं, मी तिथं नुसती कमान कापली होती. मी तसं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात संतोष म्हणाला, "कोर्टात कोण गेला आधी? तुझा चुलता गेला." माझ्या पाताळात कोर्टही नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे माझ्या गावाबद्दल बोलतच नव्हते.

शिर्केकाकांनी मला नंतर समजावलं. देवरूखकडच्या त्यांच्या खऱ्या गावात हाच वाद आहे. दीपक खरोखरच वरच्या वाडीचा आणि संतोष खालच्या. कैक वर्षं पालखी देवळात कोंडून पडलीय, शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात आणि बंद देवळाच्या पायरीला हात लावून जातात. दोघं मित्र इतकी वर्षं एका गाडीवर बसून गावाला जात होते, ते हा विषय कधी काढला नाही म्हणून. तो मी काढला. परभणीहून येऊन, पुठ्ठ्यात कापून, रंग देऊन टेबलावर ठेवला.

त्या दिवशी दीपक गाडी घेऊन एकटा गेला आणि मास्तर चालत गेले. पुढच्या रविवारी दोघांपैकी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका आणि रेश्मा येऊन बसायचे. दोघांवर खेळ होत नाही. मोडलं म्हणायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं.

अण्णांच्या कानावर गेलं. दुकानात कप-बशा लावता लावता ते मला म्हणाले, येत्या रविवारी मोबाईलवाल्याला खोली दाखवायला आणतो. टेबल बसलेलं दिसलं तर बघू. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मी आधी दीपककडं गेलो, पतपेढीत. तो म्हणाला, मला काय, मी येईन, पण संतोष आधी येऊ दे. शाळा सुटायच्या वेळेला मास्तरांकडं गेलो. ते म्हणाले, येतो की, पण दीपकला आधी येऊन बसू दे, मग बघू. मी परत दीपककडं. परत मास्तरांकडं. शेवटी मी दोघांनाही सांगितलं की दुसरा आधी येणार आहे. खोटं बोललो, पण दोघांनाही सारखंच बोललो.

रविवारी मी खिडकीतून बघत होतो. दोघं आले. दुकानाच्या फळीपाशी जिन्याखाली उभे राहिले, एक या बाजूला, एक त्या बाजूला. आता आधी वर कोण चढणार? दोघं भांड्यांकडं बघत उभे. दीपकनं एक पातेलं हातात घेऊन बघितलं. संतोषनं झारा. गिऱ्हाईक समजून दुकानातला माणूस भाव सांगायला लागला. काका वर माझ्याशेजारी उभे होते, ते म्हणाले, हे संध्याकाळपर्यंत संसार घेऊन जातील. तेवढ्यात रेश्मा आली, ड्यूटीवरून थेट, दमलेली. तिनं दोघांच्या मधून पिशवी घुसवली. "चढा नाहीतर सरका. माझे पाय दुखतायत." जिना अरुंद आहे. मधे रेश्मा आणि दोन्ही बाजूंना ते असे तिघं एकदमच वर आले. आधी कोण आला हे आजही सिद्ध करता येणार नाही.

बसले. कुणी कुणाकडं बघेना. मी सुरू केलं. म्हणालो, तुम्ही भांडत होता तोवर तळ्याचं पाणी खालच्या वाडीत शिरलंय. पहिल्या पायरीला लागलंय. पालखी वरच्या वाडीच्या तोंडाशी आहे. आता उचलली नाही तर दोन्ही वाड्या बुडणार. कोण उचलतं?

दीपक नकाशाकडं बघत होता, संतोष फाशाकडं.

आणि जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आले, मागं मोबाईलवाला. तो भला माणूस होता, दिसेल त्याला नमस्कार करत आला आणि लगेच खिशातून टेप काढून भिंत मोजायला लागला. टेपचं एक टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते माझ्या डोंगराच्या शिखरावर अडकवलं. मी फक्त म्हणालो, पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.

रेश्मा म्हणाली, "मी उचलते."

दीपकनं झटकन मान वर केली. "तू कशी..."

तिथंच थांबला. पुढचे शब्द त्याच्या तोंडात आलेले सगळ्यांना दिसले. टेप सुर्रकन परत गेली तो आवाज मला अजून आठवतो. संतोष बोलला नव्हता, पण त्याचाही हात अडवायला वर आलेला होता, तो त्यानं हळूच खाली घेतला. इतक्या रविवारांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते हे.

"म्हण की पुढं," रेश्मा म्हणाली. चिडली नव्हती. वॉर्डात पेशंटला विचारतात तसं विचारलं.

दीपकचे कान लाल झाले होते.

"मी देव मानत नाही," ती म्हणाली. "स्ट्रेचर समजून उचलते. आत कोण आहे हे आम्ही उचलताना विचारत नाही. पाणी चढतंय ना, बालाजी? मग सांग, किती पडायला पाहिजे?"

काका म्हणाले, "मी पुढनं धरतो. पंख आहेत, जरा हलकी होईल."

दोघांनी एवढी जड पालखी उचलायची म्हणजे अवघडच. मी म्हणालो, पंधराच्या वर. खरं तर मी पाच म्हणणार होतो, भीड म्हणून. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि वाटलं, हिला सवलत दिली तर ती मलाच कापेल. तिनं फासा टाकला. नऊ.

मी म्हणालो, पालखी उचलली गेली, पण मागचा दांडा हातातून सुटतोय. पालखी पाण्याकडं कलली.

"धरतो मी," दीपक म्हणाला.

"मी धरलंय," संतोष म्हणाला.

दोघांचे हात खरोखरच टेबलावर आले, त्या पुठ्ठ्याच्या वीतभर पालखीवर. चौघं झाले. चौघांना मी पाचच्या वर पडलं तरी पुरे म्हटलं. संतोषनं फासा दीपककडं सरकवला, दीपकनं तो रेश्मापुढं ठेवला, आणि तिनंच टाकला. पालखी सरळ झाली आणि पाणी होतं तिथंच थांबलं.

मी चेहऱ्यावरचा घाम पुसतोय तोवर त्यांचं सुरूही झालं. आधी हात कुणी लावला? दीपक म्हणे मी बोललो आधी. मास्तर म्हणे, बोलणं वेगळं, धरणं वेगळं. पण हे भांडण दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघून करत होते. अण्णा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते पुढं आले, टेबलावर वाकले, पालखी बघितली, वाडी बघितली.

"आता ही आधी कोणाच्या अंगणात जाणार?" त्यांनी विचारलं.

तिन्ही बाजूंनी उत्तरं आली. मोबाईलवाला टेप गुंडाळून नम्रपणे म्हणाला, अण्णा, मग जागा कधी खाली होईल?

अण्णांनी मान वर केली नाही. "पालखी वाटेत आहे. पालखी वाटेत असताना कोण घर खाली करतो काय?"

"पण ही पुठ्ठ्याची..."

"कसलीही असो," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

खेळ आवरल्यावर दीपक खुर्च्या लावायला मागं थांबला. कधी थांबत नाही. रेश्मापाशी जाऊन दोनदा घसा साफ केला. ती बूट घालत होती. म्हणाली, "चहा सांग. साखर कमी." तो खाली पळत गेला.

सायलीताईंना मुलगी झाली. ताई टेबल बघायला आल्या तेव्हा अण्णा उभे राहून हातवारे करत होते. त्यांचं तिसरंच मत आहे, की पुढचा खांदा दोन्ही वाड्यांचा नाही, गुरवाचा. ताईंनी मला एवढंच विचारलं, माझ्या वडलांना काय पाजलंस? खोली माझ्याकडंच राहिली. दीपक आणि मास्तर पुन्हा एका गाडीवर येतात. त्यांच्या गावचं देऊळ मात्र अजून बंदच आहे. मी विचारलं होतं एकदा. दोघं एकदम म्हणाले, तो विषय नको.

माझी एक लबाडी सांगायला हवी. पालखी घरोघर न्यावी लागते, म्हणून मी पाताळात घरं वाढवत गेलो. एक कुटुंब वेगळं झालं, दोन नवी घरं. कुणी लग्न करून आलं, आणखी एक. दांडा मोडला, दरड आली. रेश्माला दातवालं मिळालं, एक नाही, बरीच, आता ती मला चांगलं म्हणते. पण किती लांबवणार. परवाच्या रविवारी शेवटचं घर झालं आणि वळणापलीकडं देवळाची कमान दिसायला लागली. मी उगाच पाणी पिऊन आलो, खिडकी उघडली, बंद केली. काकांनी ओळखलं.

"घाबरतोस काय रे?"

मी म्हणालो, काका, पालखी देवळात गेली की संपलं सगळं. मग मी काय करू?

काका हसायला लागले. "अरे, देवळात जाते ती पुढच्या वर्षी निघायला. तुला काय वाटलं, एकदाच निघते?"

मी फासा त्यांच्याकडं सरकवला.